ओळखीच्या पाहुण्याचा मेल स्पॅममध्ये का जातो? ऑटो-व्हाइटलिस्ट समजून घेऊया

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत होमस्टेचं बरंचसं बुकिंग फोन आणि व्हॉट्सॲपवर होतं. पण ऑफिसच्या सहली आणि परदेशातले पाहुणे अजूनही मेलच करतात. नागावच्या अशाच एका होमस्टेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. मालक दर कळवायचे आणि पाहुण्याचं "चालेल, ॲडव्हान्स पाठवतो" हे उत्तर स्पॅममध्ये जाऊन पडायचं. ऐन डिसेंबरात असं झालं, तर खोली रिकामी राहते.

यावर उपाय म्हणजे ऑटो-व्हाइटलिस्ट. ज्याला आपण स्वतः मेल पाठवला तो ओळखीचा, अशी नोंद सर्व्हरच ठेवतो.

हे काम कसं करतं?

प्रत्येक मेलला एक मेसेज-आयडी असतो. उत्तर देताना समोरच्याचा मेल प्रोग्राम तोच आयडी सोबत परत पाठवतो. आरस्पॅमडी या फिल्टरमधलं रिप्लाइज मॉड्यूल आपल्या पाठवलेल्या मेलचे आयडी रेडिसमध्ये साठवतं. जुळणारं उत्तर आलं की ते स्पॅममध्ये टाकत नाही.

इथे एक्सपायर ही सेटिंग नक्की बघा. मुळात ती १ दिवसाची असते. पाहुणे घरात विचारून आठ-दहा दिवसांनी उत्तर देतात, म्हणून मी ती ३० दिवस ठेवली आहे.

पण पाहुण्याने रिप्लाय न करता नवीनच मेल लिहिला तर? तेव्हा आयडी जुळत नाही, पत्ता बघावा लागतो. ॲमॅव्हिसमधली पेन पाल्स सोय तेच करते: या पत्त्यावर आपण आधी लिहिलं असेल, तर स्पॅमचे गुण कमी करते. ओळख जुनी होत जाते तशी सवलतही घटते.

ग्रेलिस्टिंग वापरत असाल तर अनोळखी सर्व्हरला आधी "थोड्या वेळाने या" असं सांगितलं जातं. पोस्टग्रेमध्ये हा वेळ ३०० सेकंदांचा असतो. ५ वेळा नीट मेल आला की तो सर्व्हर आपोआप यादीत जातो.

या चार गोष्टी सांभाळा

१. 'फ्रॉम'मधला पत्ता कुणीही खोटा टाकू शकतो. एसपीएफ किंवा डीकेआयएम त्या डोमेनसाठी पास झालं, तरच पत्त्यावरून सवलत द्या.

२. 'सध्या बाहेर आहे' अशा आपोआप जाणाऱ्या उत्तरांची नोंद करू नका. नाहीतर स्पॅमरही ओळखीचा होऊन बसेल.

३. सवलत फक्त स्पॅमच्या गुणांत द्या. व्हायरस तपासणी सगळ्यांनाच लागू ठेवा.

४. ओळखीच्या माणसाचं खातंही हॅक होतं. "आमचा बँक खाते क्रमांक बदललाय" असा मेल आला, तर आधी फोन करून खात्री करा, मगच पैसे पाठवा.

सेटिंग बदलल्यावर बाहेरच्या पत्त्यावर एक मेल पाठवून त्याचं उत्तर मागवा आणि लॉगमध्ये नोंद दिसते का ते तपासा. सीझन सुरू व्हायच्या आधीच हे उरकून घेतलेलं बरं.