मुलगी जीवशास्त्र शिकते म्हणजे काय शिकते?

बारावी झाली, डॉक्टरकीला नंबर लागला नाही, की घरात विषय निघतो, ‘नुसते बी. एस्सी. करून काय मिळणार?’ प्रश्न रास्त आहे. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असताना मुलीला नाशिकला शिकायला ठेवणे सोपे नाही. म्हणून या शिक्षणात काय आहे ते आधी समजून घ्या.

तुमच्या द्राक्षबागेचेच उदाहरण घ्या. भुरी आणि केवडा दोन्ही तुमच्या ओळखीचे. भुरीची बुरशी पानाच्या वरवर वाढते; तिला पानावर पाणी साचावे लागत नाही. केवड्याला मात्र पान ओले लागते, आणि तो मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो. शिवाय केवडा ही खरी बुरशीच नव्हे. त्याचे नाते शेवाळाच्या काही जातींशी जवळचे. म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक पाहते. चुकीच्या फवारणीला किती पैसे जातात, हे तुम्हाला सांगायला नको.

बोर्डो मिश्रणाची गोष्टही अशीच. १८७८ च्या सुमारास केवडा फ्रान्सच्या बागांत पोहोचला. तिथले शेतकरी वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडत. त्याच वेलींची पाने टिकली, हे बोर्डो येथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे यांनी हेरले आणि प्रयोग करून १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केले. आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही द्राक्षाच्या दोन प्रजातींचा संकर करून ‘एआरआय-५१६’ ही बुरशीजन्य रोगांना दाद न देणारी, रसासाठी चांगली जात तयार केली.

नाशिकमध्ये एच. पी. टी.–आर. वाय. के. आणि के. टी. एच. एम. महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र शिकता येते. तीन वर्षांत पदवी मिळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष केल्यास ऑनर्स.

आता नोकरीचे. ही पदवी म्हणजे कृषी पदवी नव्हे. कृषी सेवेतील अधिकाऱ्याच्या जागांना कृषी पदवीच लागते. नुसत्या बी. एस्सी.वर चांगली नोकरी मिळणे कठीण, हेही धरून चाला. पण पुढे वाटा आहेत. बी. एड. करून शाळेत शिकवता येते. एम. एस्सी. करून संशोधनाकडे जाता येते. महाविद्यालयात शिकवायचे तर त्यानंतर नेट किंवा सेट परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्र वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राचे पदवीधर बसू शकतात. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी २०१५ च्या दुरुस्त नियमांत ज्या पदव्या ग्राह्य धरल्या, त्यांत या दोन विषयांची विज्ञान पदवीही आहे. गावात औषधांचे दुकान टाकायचे असेल, तर हे ध्यानात ठेवा.

प्रवेशाआधी मुलीला घेऊन स्वतः महाविद्यालयात जा. प्रयोगशाळा पाहा, वसतिगृहाची चौकशी करा, कोणता मुख्य विषय मिळेल ते विचारा. आणि पुढची वाट पहिल्याच वर्षी ठरवायला सांगा. डॉक्टरकी हुकली म्हणून नाइलाजाने घेतलेला विषय तीन वर्षे ओढत न्यावा लागतो; आवडीने घेतला, तर तो तिच्याही कामी येतो आणि तुमच्या बागेच्याही.