डोळ्यांनी शिकलेले इंग्रजी, कानांवर पडताना

परदेशी नोकरीचा विचार करणाऱ्या परिचारिकांना 'ओईटी' हे नाव समजावून सांगावे लागत नाही. ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट ही फक्त आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात ती ऑस्ट्रेलियात तयार झाली. तिच्यातला ऐकण्याचा भाग सुमारे पाऊण तासाचा, 42 प्रश्नांचा असतो. सुरुवातीलाच रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांचे दोन संवाद ऐकवले जातात आणि ते ऐकता ऐकता टिपणातल्या 24 गाळलेल्या जागा भरायच्या असतात. ध्वनिफीत एकदाच वाजते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल तर लेखनात 500पैकी 300 गुण चालतात. ऐकण्यात, बोलण्यात आणि वाचण्यात मात्र 350 लागतात.

हा फरक मला अगदी योग्य वाटतो. लिहिलेले पुन्हा वाचता येते, वरिष्ठांकडून तपासून घेता येते. रुग्ण काय बोलला ते मात्र त्याच क्षणी पकडावे लागते, आणि पुढची बहुतेक गाडी त्यावरच चालते. 1975 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा अभ्यास छापला. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या 80 नव्या रुग्णांपैकी 66 जणांचे अखेरचे निदान आधीचे पत्र वाचून आणि रुग्णाची हकिकत ऐकूनच जुळले होते. तपासण्या बहुतेक वेळा त्या निदानावर शिक्का मारायला आल्या.

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा या भागातून जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगला जाणाऱ्या मुलामुलींना ऐकण्याचा पेपर अडला तर त्याचे कारण त्यांच्या हुशारीत शोधण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे आज नर्सिंगला असलेल्या मुलीच्या पाठीशी बारा वर्षांचे इंग्रजी असते. पण ते फळ्यावरचे, पुस्तकातले, गाइडमधले इंग्रजी असते. ते डोळ्यांनी शिकलेले असते. कानाला त्याची सवय झालेली नसते, आणि मेंदूच्या दृष्टीने ही दोन कामे फार वेगळी आहेत.

छापील ओळीत दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते. एका शब्दाचा शेवट पुढच्या शब्दाच्या सुरुवातीत मिसळलेला असतो. 1960च्या दशकात पोलॅक आणि पिकेट या अमेरिकी संशोधकांनी लोकांच्या सहज गप्पा ध्वनिमुद्रित केल्या, त्यांतले एकेक शब्द कापून वेगळे काढले आणि श्रोत्यांना ऐकवले. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांनाही जेमतेम निम्मे शब्द ओळखता आले. मग आपण एरवी एकमेकांचे बोलणे समजतो कसे? आजूबाजूच्या शब्दांवरून. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो आणि कानावर पडलेल्या तुटक आवाजांशी तो ताडून बघत असतो.

शब्द कुठे सुरू होतो हे ओळखायच्या खुणा प्रत्येक भाषेत निराळ्या असतात. अ‍ॅन कटलर या भाषा-मानसशास्त्रज्ञ विदुषीने आयुष्यभर हाच प्रश्न अभ्यासला. तिने दाखवले की इंग्रजी माणूस आघातावर लक्ष ठेवतो. जोराने उच्चारलेले अक्षर आले की नवा शब्द सुरू झाला असे त्याचा मेंदू धरून चालतो, आणि इंग्रजीत बहुतेक महत्त्वाचे शब्द खरोखरच तसे सुरू होतात. बोलताना उरलेली अक्षरे तो गिळून टाकतो. मराठीत असे होत नाही. आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. म्हणून आपल्या कानाला इंग्रजी बोलणे भरभर वाटते. प्रत्यक्षात बोलणाऱ्याचा वेग फार नसतो. निम्मी अक्षरे दबक्या आवाजात आलेली असतात, एवढेच.

याचा घोटाळा किती गंभीर होऊ शकतो ते एका उदाहरणावरून बघा. शस्त्रक्रियेनंतर अमेरिकी रुग्णाला विचारले, पायाला स्पर्श कळतो का? कळत असेल तर तो म्हणेल, 'आय कॅन फील इट', पण त्यातला 'कॅन' इतका पुसट असतो की तो 'कन' असाच ऐकू येतो. कळत नसेल तर तो 'कॅन्ट' म्हणेल. त्यातला 'कॅन' ठसठशीत असतो आणि शेवटचा 'ट' घशातच राहतो. आपल्या शाळेत 'कॅन' नेहमी पूर्ण उच्चारला जातो. त्यामुळे ठसठशीत 'कॅन' ऐकला की आपला कान तो होकार समजतो. रुग्ण पाय बधिर असल्याचे सांगत असतो आणि नोंदीत नेमके उलटे उतरते. इथे शब्दसंग्रह कमी पडलेला नाही. दोन्ही शब्द तिसरीतले आहेत.

ध्वनींचेही तसेच आहे. 1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाचे होईपर्यंत तो बहुतेकांना कळेनासा झाला. ज्या फरकाने घरात अर्थ बदलत नाही तो फरक मेंदू सोडून देतो. आपणही असेच काही सोडून दिले आहे. आपला 'व' एकच. इंग्रजीत त्या जागी दोन ध्वनी आहेत. उलट ओठांवर उच्चारल्या जाणाऱ्या प, फ, ब, भ या चार व्यंजनांच्या जागी इंग्रजीत दोनच. 1964 साली लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी अकरा भाषांतल्या अशा व्यंजनांची मिलिसेकंदांत मोजणी केली. त्या अकरांत मराठी होती. त्यांच्या मोजणीतून दिसते की शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी 'ब' हा मोजपट्टीवर बऱ्याचदा आपल्या 'प'च्या जवळ येतो, आणि इंग्रजी 'प' हवेचा झोत घेऊन येतो. मराठी कान चार खणांचा आहे; त्यात दोन खणांचे सामान नीट लावायला सराव लागतो.

मेंदूच्या अंदाज बांधण्याचा सर्वांत सुंदर पुरावा 1970 साली रिचर्ड वॉरन यांनी 'सायन्स'मध्ये दिला. त्यांनी एका इंग्रजी वाक्यातला एक ध्वनी पूर्ण पुसला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज भरला. श्रोत्यांनी सांगितले, शब्द पूर्ण ऐकू आला, मागे कोणीतरी खोकले. नसलेला ध्वनी त्यांनी खरोखर 'ऐकला' होता. दवाखान्यात खोकला, बाळाचे रडणे, खाटेच्या चाकांची करकर रोजचीच. मातृभाषेत मेंदू ही भोके बिनबोभाट बुजवतो. दुसऱ्या भाषेत एकतर भोक तसेच राहते किंवा चुकीच्या शब्दाने भरले जाते, आणि तो शब्द आपण स्वतः भरला आहे याची आपल्याला जाणीवही होत नाही.

गोंगाटाबद्दल बोलताना हिंगोली जिल्ह्याचे एक वेगळे नाते आठवते. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. 2023च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तर तो तिला टिपायचा आहे. त्यासाठी जमिनीचे कंपन कमी असलेली शांत जागा हवी होती. रुग्णालयाला जागा निवडता येत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2005 साली जगभरच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा रुग्णालयांतला दिवसाचा आवाज 1960च्या 57 डेसिबलवरून 72 डेसिबलवर गेलेला दिसला. या गोंगाटाची झळ दुसऱ्या भाषेत ऐकणाऱ्याला जास्त बसते. 1997 सालच्या एका अभ्यासात स्पॅनिश मातृभाषेचे, उत्तम इंग्रजी येणारे लोक घेतले होते. शांततेत सगळेच चांगले ऐकत होते. गोंगाट वाढवत नेला तेव्हा ज्यांनी चौदाव्या वर्षानंतर इंग्रजी शिकले ते आधी अडखळले. कोविडच्या काळात त्यात मास्कची भर पडली. एन-95 मास्क साधारण 2000 ते 7000 हर्ट्झमधला आवाज 12 डेसिबलपर्यंत दाबतो, आणि 'स', 'फ' यांसारख्या ध्वनींची ओळख त्याच पट्ट्यात असते. वर ओठही झाकलेले.

अशा वेळी ऐकणारा काय करतो? बहुधा मान डोलावतो. 'यस, यस' म्हणतो. पुन्हा विचारले तर आपले इंग्रजी कच्चे ठरेल, ही भीती खेड्यातून आलेल्या मुलीला शहरातल्या मुलीपेक्षा जास्त छळते. खरे तर जगातल्या चांगल्या रुग्णालयांनी पुन्हा विचारणे हा नियमच करून टाकला आहे. तोंडी सांगितलेली औषधाची मात्रा ऐकणाऱ्याने लिहायची, मोठ्याने वाचून दाखवायची आणि समोरच्याकडून होकार घ्यायचा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत मातृभाषिकांचीही गफलत होते, म्हणून 'वन-फाइव्ह', 'फाइव्ह-झीरो' असे आकडे सुटे करून बोलायचे. पुन्हा विचारणारी परिचारिका कच्ची नसते. तीच भरवशाची असते.

दुसरी चूक घाईची. 1984 साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेत 74 भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलले होते, आणि आपले म्हणणे पूर्ण करू शकले फक्त 23 टक्के रुग्ण. पुढे 2002 साली स्वित्झर्लंडमध्ये लांगेविट्झ आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांना गप्प राहायला सांगून वेळ मोजली. रुग्ण आपणहून सरासरी 92 सेकंदच बोलले. दीड मिनिट! भारतातल्या प्राथमिक आरोग्य सेवेत अख्खी भेटच दोनेक मिनिटांची असते, असे 67 देशांची आकडेवारी जमवणाऱ्या 2017च्या अभ्यासात दिसले. म्हणून इथे हे दीड मिनिट देणे अवघड, हे मान्यच आहे. पण परक्या भाषेत ऐकणाऱ्याला त्या दीड मिनिटाचा दुहेरी फायदा होतो. हकिकत पूर्ण हाती येते आणि रुग्णाच्या उच्चारांची कानाला ओळखही होते. क्लार्क आणि गॅरेट यांनी 2004 साली दाखवले की अनोळखी ढबीशी जुळवून घ्यायला मेंदूला एक मिनिटसुद्धा पुरते. जो सुरुवातीलाच अडवतो तो ही संधी गमावतो.

हे शास्त्र फक्त परदेशी जाणाऱ्यांसाठी नाही. हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 साली 100 जागांनी सुरू झाले. नियमाप्रमाणे त्यातल्या 15 टक्के जागा देशभरातल्या विद्यार्थ्यांना खुल्या आहेत. केरळातून किंवा राजस्थानातून आलेला विद्यार्थी इंग्रजीतून वैद्यक शिकेल आणि समोरची आजी म्हणेल, 'कणकण हाय बाबा, पोटात कालवतंय, हातपाय गळाल्यावानी वाटतंय.' कळमनुरीच्या मुलीचे जे लंडनमध्ये होते तेच त्याचे इथे होईल. त्यात तांड्यावरची बंजारा बोली, शहरातली दखनी उर्दू. या मातीला डॉक्टर आणि रुग्ण यांच्या भाषांतले अंतर नवे नाही. निजामाच्या राजवटीत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यक उर्दूतून शिकवले जाई आणि मराठवाड्यातला शेतकरी आपले दुखणे मराठीत सांगे. इथल्या आशा कार्यकर्त्या आणि एएनएम रोज दोन-तीन बोलींतून माणसांचे ऐकतात. हे कसब त्यांच्याकडे आहे, त्याची नोंद मात्र कोणत्याच गुणपत्रिकेत नाही.

कान मोठेपणीही शिकतो, ही यातली आशेची बाजू. 1990च्या दशकात डेव्हिड पिसोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी प्रौढांना इंग्रजी 'र' आणि 'ल' यांतला फरक ऐकायला शिकवले. त्यातली मेख अशी की एकाच शिक्षकाचा आवाज ऐकवून भागत नाही. बायका, पुरुष, वेगवेगळे वक्ते, वेगवेगळे शब्द ऐकवले तरच शिकलेले टिकते आणि नव्या माणसाच्या बोलण्यालाही लागू पडते. एकाच यूट्यूब शिक्षकाचे सगळे व्हिडिओ पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. 2009 साली मिटरर आणि मॅक्वीन यांनी डच श्रोत्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन ढबीचे इंग्रजी व्हिडिओ दाखवले. इंग्रजी सबटायटल असलेल्यांचा कान सुधारला. मातृभाषेतली सबटायटल वाचणाऱ्यांचे नवे शब्द ओळखताना उलट नुकसान झाले. म्हणजे परदेशी रुग्णालयांवरच्या मालिका बघा, पण हिंदी ओळी बंद करून.

आणि शक्य तिथे जिवंत माणसांत बसून ऐका. आनंदीबाई जोशी 1883 साली अठराव्या वर्षी अमेरिकेला पोचल्या. वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्याआधीचे काही महिने त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या, जिथे मराठी बोलणारे त्यांच्याशिवाय कोणीच नव्हते. 1886च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

आपल्या नर्सिंग महाविद्यालयांत इंग्रजीचा तास आहे, पण तो बहुधा लेखीच असतो. त्यात आठवड्याला एक तास निव्वळ ऐकण्याचा ठेवायला नवी इमारत लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. एक स्पीकर, वेगवेगळ्या आवाजांतल्या रुग्णसंवादांच्या फिती आणि 'पुन्हा सांगा' म्हणायला न लाजणारा वर्ग एवढे पुरे. मराठवाड्यातल्या प्राचार्यांनी हा तास याच सत्रापासून वेळापत्रकात घालावा, आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलींनी तो मागून घ्यावा.