सादळण्याआधी

सकाळी ८. लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमधल्या हँडरोल, म्हणजे हातात धरून खायच्या सुशी रोलच्या, काउंटरचं पुढचं दार बंद असतं, तेव्हा मागच्या दाराने मासळी आत येते. टूना, हमाची, साल्मन, स्कॅलप. कच्चा खायचा मासा आधी गोठवलेला असावा, असा अमेरिकेतला नियम आहे: उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ ला १५ तास. माशातले कृमी मरावेत म्हणून. मोठ्या टूनाला यातून सूट आहे. फडफडीत तोच उत्तम, ही आपली कोकणी समजूत इथे जरा बाजूला ठेवावी लागते.

सकाळी १०. आता भात, आणि या धंद्याची खरी कसोटी इथेच. आखूड दाण्याचा तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा, भिजवायचा, शिजवायचा. मग पसरट लाकडी परातीत काढून त्यावर व्हिनेगर, साखर आणि मिठाचं मिश्रण शिंपडायचं. उलथनं तिरकं धरून भात कापल्यासारखा हलवायचा. घोटला की चिखल. आपल्याकडे भात मोकळा झाला की सुगरणीचं कौतुक होतं. इथे शिताने शिताला धरलं पाहिजे, पण दाणा अख्खा राहिला पाहिजे. व्हिनेगर चवीपुरतं नसतं. त्याच्या आंबटपणामुळे भात फ्रिजबाहेर टिकतो, पीएच ४.६ च्या वर जाऊ द्यायचा नाही. हा भात कोमटच वाढतात. गार भातावर रोल करणाऱ्या ठिकाणी मी पुन्हा जात नाही.

साडेअकरा. दार उघडतं. अशा काउंटरची लाट इथे उसळली ती काझुनोरी नोझावा यांनी २०१४ मध्ये याच भागात काढलेल्या ‘काझुनोरी’नंतर. मांडणी साधी: टेबलं नाहीत, काउंटरभोवती स्टुलं, कागदावर खुणा करून ऑर्डर, आणि एका वेळी एकच रोल. शंकूऐवजी सरळ नळी, म्हणजे शेवटच्या घासापर्यंत मासा पुरतो.

नोरीवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्यावर, ओल्या हाताने भाताचा पातळ थर, त्यावर माशाची पट्टी, एक गुंडाळी, की रोल थेट गिऱ्हाइकासमोर. बंद डब्यातून नोरी बाहेर आली की घड्याळ सुरू. भाताची वाफ लागली की ती मिनिटभरात सादळू लागते, आणि मग दाताने तुटत नाही, नुसती ओढली जाते. काउंटरमागे जपानी माणसं असतातच असं नाही. माशांची नावं जपानी, आपसातल्या गप्पा स्पॅनिश, हे या शहरात नेहमीचं.

दुपारी ३. गर्दी ओसरते. नोरीचे डबे भरले जातात. उत्तम नोरी क्युशू बेटालगतच्या आरिआके समुद्रातली, हिवाळ्यात काढलेली. तिची भरवशाची शेती शक्य झाली ती कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्रज बाईंमुळे. या शेवाळाचं एक रूप शिंपल्यांत वाढतं, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. त्या जपानला कधी गेल्या नाहीत. तरी कुमामोतोतल्या उतो इथे त्यांचं स्मारक आहे आणि दर १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण काढतात.

संध्याकाळी ६ ते ९. रांग फुटपाथवर. भाताचा नवा घाणा, पुन्हा नवा घाणा. शाकाहारी मंडळी काकडी-अ‍ॅव्होकाडोवर भागवतात. त्यांनी सोया सॉस तेवढा विचारून घ्यावा, त्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा अर्क असतो.

रात्री १०. उरलेला भात टाकून देतात, कारण फ्रिजमध्ये तो खड्यासारखा होतो. सुऱ्यांना धार लावून, फळ्या घासून दिवे बंद.

तुम्ही कधी गेलात, तर फोटो पहिल्याच रोलचा काढा आणि फोन खिशात घाला. रोल हातात पडला की लगेच खा. आणि पार्सल मागू नका.