गिटार घेऊन बसताना

छत्रपती संभाजीनगर असो वा मडगाव, पलंगावर रेलून गिटार वाजवणे म्हणजेच आरामशीर बैठक, असा अनेक नवशिक्यांचा समज असतो. खरे तर डोक्यावर तोललेल्या घागरीसारखे वाद्य हातांनी न धरताही स्थिर राहणे, हा या बैठकीचा अर्थ. फ्रेटबोर्ड (पडद्यांची पट्टी) दिसावा म्हणून गिटार मागे कलंडवले, की डावे मनगट मुरडते, मान वाकते. स्पॅनिश गिटारवादक फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यांच्यापासून रूढ झालेल्या पद्धतीत डावा पाय छोट्या पाटावर ठेवून गिटार डाव्या मांडीवर घेतात. हिंदुस्थानी संगीत वाजवणारे गिटारवादक ब्रिजभूषण काब्रा तर मांडी घालून वाजवत, असे कुणी म्हणेल. पण त्यांचे गिटार आडवे असे आणि तारांवरून धातूची कांडी सरके, म्हणून तिथे मनगटाचा प्रश्नच वेगळा. पाटाने कंबर दुखत असेल, तर तो काढून गिटारला खांद्यावरचा पट्टा लावावा.