विश्लेषण : कॉलर हवी, जीन्स नको... गोल्फ क्लबांच्या ड्रेस कोडला आज कितपत अर्थ उरला?

ऑगस्ट २०२१ मध्ये टोक्यो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोकचे पदक एका फटक्याने हुकले आणि ती चौथी आली. त्या दिवशी पहाटे उठून टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच गोल्फ पाहिले. पुण्याचा उदयन मानेही त्याच ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या गटात खेळला. मात्र हा खेळ शिकू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती स्टिक किंवा चेंडूची नव्हे, तर कपड्यांची. कॉलरचा टी-शर्ट हवा, तोही पँटमध्ये खोचलेला. जीन्स नको, खिशाखिशांची कार्गो नको, चप्पल तर नकोच. जगभर हे नियम सैल होत आहेत. मग ते अजून कोणासाठी टिकून आहेत?

खेळाच्या नियमांत काय म्हटले आहे?

जवळपास काहीच नाही. गोल्फचे नियम स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजची ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची ‘यूएसजीए’ या दोन संस्था मिळून ठरवतात. पिशवीत १४ पेक्षा जास्त स्टिक असू नयेत, इथपर्यंतचे बारकावे त्यात आहेत. खेळाडूने अंगात काय घालावे हे नाही. खेळाडूंसाठी आचारसंहिता करण्याची मुभा स्पर्धेच्या समितीला आहे आणि कपड्यांचा विषय अशा स्थानिक नियमांत येतो. म्हणजे ड्रेस कोड हा गोल्फचा नियम नसून त्या त्या क्लबचा किंवा स्पर्धेचा नियम असतो. म्हणूनच एका क्लबात चालणारी अर्धी चड्डी शेजारच्या क्लबात चालत नाही.

हे नियम आले कुठून?

सुरुवातीच्या काळात कपड्यांना कारण होते. ब्रिटनमध्ये गोल्फ सार्वजनिक कुरणांवर खेळले जाई. तिथेच लोक गुरे चारत, फिरायला येत. खेळणारे दुरून दिसावेत म्हणून लाल कोट घालण्याची पद्धत पडली. लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर ती आजही टिकून आहे. ही जागा सर्वांना खुली असल्याने तिथे गोल्फ खेळणाऱ्याला लाल रंगाचा टी-शर्ट किंवा स्वेटर घालावाच लागतो. कुत्रा फिरवायला आलेल्या माणसाला चेंडू कुठून येणार हे कळावे, एवढाच त्याचा हेतू. बुटांचेही तसेच. लोखंडी खिळ्यांचे बूट ‘ग्रीन’वरचे बारीक गवत उखडतात, म्हणून नव्वदच्या दशकापासून बहुतेक क्लबांनी ते बंद केले आणि मऊ खिळे आले. या नियमांवर कोणी वाद घालत नाही.

कॉलरला मात्र असे कारण देता येत नाही. तिचा इतिहास तर गमतीचा आहे. टेनिसपटू रेने लाकोस्त याने १९२० च्या दशकात लांब बाह्यांच्या कडक शर्टाला कंटाळून आखूड बाह्यांचा, मऊ कॉलरचा विणलेला शर्ट घातला. त्या काळी हाच शिष्टाचाराचा भंग होता. आज गोल्फ क्लबच्या दारावर सभ्यतेची खूण म्हणून तोच शर्ट मागितला जातो. जीन्स नाकारण्यामागेही गवताचा किंवा फटक्याचा संबंध नाही. ती मुळात खाणीत, शेतात राबणाऱ्यांची पँट होती, एवढाच तिचा दोष.

व्यावसायिक स्पर्धांत काय बदलले?

बराचसा बदल उन्हाने आणि पैशाने घडवला. १९९९ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न ओपन स्पर्धेत भर उन्हात लांब पँट घालून जड पिशवी वाहणारा एक कॅडी कोसळला. त्यानंतर ‘पीजीए टूर’ने कॅडींना शॉर्ट्स घालण्याची परवानगी दिली. खेळाडूंना मात्र तीच सवलत मिळायला २०१९ उजाडले, तीही फक्त सरावाच्या आणि हौशी खेळाडूंबरोबरच्या फेऱ्यांपुरती. युरोपच्या टूरने ती २०१६ मध्येच दिली होती. २०२२ मध्ये सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या ‘लिव्ह गोल्फ’ने मुख्य स्पर्धेतही शॉर्ट्सना परवानगी दिली. ‘आम्ही जुन्यांसारखे नाही’ हे दाखवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होता.

बंडखोरी त्याआधीही झाली होती. १९८३ च्या यूएस ओपनमध्ये फॉरेस्ट फेझलरने शेवटच्या होलआधी फिरत्या शौचालयात जाऊन पँट बदलली आणि शॉर्ट्स घालून स्पर्धा संपवली. टायगर वूड्सने २००५ चे मास्टर्स जिंकले ते कॉलर नसलेल्या, गळ्यापाशी उभी पट्टी असलेल्या शर्टात. ऑक्टोबर २०२० मध्ये टायरल हॅटन हुडी घालून इंग्लंडमधील प्रतिष्ठेची बीएमडब्ल्यू पीजीए स्पर्धा जिंकला, तेव्हा समाजमाध्यमांवर त्याच्या फटक्यांपेक्षा टोपीचीच चर्चा जास्त झाली. लाखो लोकांसमोर विजेता जे घालतो, ते घालून साध्या सदस्याला मात्र आपल्या क्लबात खेळता येत नाही, अशी ही विसंगती आहे. बड्या खेळाडूंनाही सगळे माफ असते असे नाही. २०२४ च्या मास्टर्समध्ये जेसन डेला मोठी अक्षरे छापलेले बिनबाह्यांचे स्वेटर उतरवायला सांगण्यात आले.

महिलांसाठी नियम वेगळे का?

पुरुषांना ‘नीट दिसा’ असे सांगितले जाते, महिलांना ‘किती झाका’ हेही सांगितले जाते. १९३३ मध्ये ग्लोरिया मिनोप्रियो ही खेळाडू इंग्लिश महिला अजिंक्यपद स्पर्धेत पँट घालून उतरली, तेव्हा महिला गोल्फ संघटनेनेच जाहीर नापसंती व्यक्त केली. २०१७ मध्ये अमेरिकेच्या ‘एलपीजीए टूर’ने खोल गळ्याचे कपडे आणि फार आखूड स्कर्ट यांवर बंदी घातली आणि पहिल्या चुकीला एक हजार डॉलर दंड ठेवला. दोन्हींमध्ये ८४ वर्षांचे अंतर आहे. पहिल्या वेळी आक्षेप पाय झाकल्याचा होता, दुसऱ्या वेळी उघडे ठेवल्याचा.

भारतात प्रश्न अधिक टोकदार का?

कारण इथे वाद शॉर्ट्सपुरता नाही, आपल्याच कपड्यांचा आहे. ब्रिटनबाहेरचे सर्वांत जुने गोल्फ क्लब भारतात आहे. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ ची. खेळाबरोबर क्लबचे संस्कारही आले. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत विलिंग्डन क्लब काढला, तो युरोपीय आणि भारतीय एकत्र बसू शकतील अशी जागा हवी म्हणून. त्या काळात ते धाडसच होते. मात्र याच क्लबने १९८८ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांना दारातून परत पाठवले. ते नेहमीप्रमाणे अनवाणी होते.

जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबच्या भोजनगृहात एका सदस्याची पाहुणी म्हणून खासी समाजातील एक महिला जेवायला बसली होती. मेघालयातील पारंपरिक ‘जैनसेम’ तिने नेसले होते. तुम्ही मोलकरणीसारख्या दिसता, असे म्हणत कर्मचाऱ्यांनी तिला उठायला सांगितल्याचा आरोप झाला. ती मुलाचा सांभाळ करण्याचे काम करणारी होती. ते कपड्यांवरून ‘ओळखले’ गेले, हाच मुद्दा होता. गदारोळ झाल्यावर कर्मचाऱ्यांनी हे प्रकरण अधिक नीट हाताळायला हवे होते, असे क्लबने म्हटले. लिखित नियमात जैनसेमवर बंदी असण्याची गरजच नव्हती. ‘योग्य पोशाख’ या दोन शब्दांचा अर्थ दारावरचा माणूस ठरवतो आणि तो काय ठरवेल हे समोरच्याच्या रंगरूपावर अवलंबून असते.

कायदा काय सांगतो?

खासगी क्लब ही सदस्यांची संस्था असते आणि आपल्या आवारात कसे यावे हे ठरवण्याचा तिला बराच अधिकार असतो. घटनेचा अनुच्छेद १५ दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीच्या सार्वजनिक जागा इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून प्रवेश नाकारण्यास मनाई करतो. कपड्यांचा उल्लेख त्यात नाही. ही उणीव तमिळनाडूने भरून काढली. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत तमिळनाडू क्रिकेट संघटनेच्या क्लबमध्ये पुस्तक प्रकाशनासाठी आलेले मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना वेष्टी, म्हणजे दाक्षिणात्य धोतर, नेसल्यामुळे प्रवेश नाकारला गेला. न्यायमूर्तीच परत गेल्यावर सरकार हलले. जयललिता सरकारने महिनाभरात विधेयक आणले. वेष्टी किंवा इतर भारतीय पारंपरिक पोशाखावरून प्रवेश नाकारणाऱ्या क्लबचा परवाना रद्द होऊ शकतो. तुरुंगवास आणि दंडाचीही तरतूद आहे. ज्यांना धोतरावरून रोज कुठे ना कुठे अडवले जाते, त्यांच्यासाठी याआधी कोणी विधेयक आणले नव्हते, हेही खरे.

क्लबांची बाजू काय?

ती अगदीच पोकळ नाही. सगळ्यांना एकच नियम असेल तर महागड्या ब्रँडचे प्रदर्शन कमी होते, असे सदस्य सांगतात. विम्बल्डनचा पांढरा पोशाखही परंपरा म्हणूनच टिकला आहे. आणि तिथेही २०२३ पासून महिलांना गडद रंगाची अंतर्वस्त्रे घालण्याची सवलत मिळाली, कारण पाळीच्या दिवसांतली चिंता खेळाडूंनी मांडली. परंपरा मोडली नाही, वाकली. ‘फिडे’ला हे वेळेत सुचले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जीन्स घातली म्हणून मॅग्नस कार्लसनला २०० डॉलर दंड झाला, त्याने पँट बदलायला नकार देत जागतिक रॅपिड स्पर्धा सोडली आणि दोन दिवसांत संघटनेलाच नियम सैल करावा लागला.

गोल्फ क्लबांसमोरचे गणितही असेच आहे. करोनाकाळात मोकळ्यावरचा खेळ म्हणून अनेक देशांत तरुण याकडे वळले. त्यांनी पहिला चेंडू मारला तो बहुधा ड्रायव्हिंग रेंजवर, टी-शर्ट आणि जीन्समध्ये. वाढत्या वयाच्या सदस्यांवर चालणाऱ्या क्लबांना हेच लोक हवे आहेत. त्यामुळे मैदानावर नियम सैल होताना दिसतात. भोजनगृहात आणि बारमध्ये ते जास्त काळ टिकतात, कारण तिथे प्रश्न खेळाचा नसतो, शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे याचा असतो.

भारतात या आघाडीवर सर्वांत ठळक बदल केला तो नौदलाने. फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा घालण्याची परवानगी मिळाली. ज्या इंग्रजी शिष्टाचारातून क्लबांचे नियम आले, त्यातूनच मेसचेही आले होते. त्या परवानगीला अटी आहेत : कुर्ता गुडघ्यापर्यंत, वर बिनबाह्यांचे जाकीट आणि पायात बूट किंवा सँडल. हुसेन यांना तिथूनही परत जावे लागले असते.