टेबलावर जेवण, तरी पंगतीचा थाट! कसा?

गौरींना मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. त्यांच्या जेवणाला नायगावकडे घरं पाहुण्यांनी भरतात. पण गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना पाटावर बसता येत नाही. टेबल मांडलं तर पंगतीची शोभा जाते का? नाही.

शोभा ताटात असते. वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी. थोडं खायचं ते डावीकडे, जास्त लागतं ते उजव्या हाताशी.

रांगोळी मात्र टेबलावर नको. ती बहुधा दगडाची भुकटी असते, अन्नात जाऊ शकते. त्याऐवजी झेंडूच्या पाकळ्या मांडा.

पत्रावळ पळसाची घ्या. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे.

आणि आजी-आजोबांचं टेबल कोपऱ्यात नको, पंगतीच्या रांगेतच लावा.