बर्न्स : आधी चाल, मग शब्द

रॉबर्ट बर्न्सवर लिहायला बसलं की लिहिणाऱ्याचा हात आपसूक नांगराकडे जातो. नांगरटीत उंदराचं घरटं मोडलं, कवी हळहळला, त्यावर कविता झाली. मग प्रेमप्रकरणं, दारू, कर्ज, सदतिसाव्या वर्षी मृत्यू, आणि वर ‘शेतकऱ्यांचा कवी’ हा शिक्का. इंग्रजीच्या तासाला बसलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. म्हणून तो भाग आधी उरकून टाकू.

जन्म २५ जानेवारी १७५९, एअरशायरमधल्या ॲलोवे गावात, वडिलांनी स्वतः बांधलेल्या मातीच्या घरात. वडील मूळचे माळी, पुढे खंडाने शेती करणारे, आणि प्रत्येक शेतात तोटा खाणारे. ते १७८४ मध्ये गेले. पहिलं पुस्तक १७८६ मध्ये किलमार्नॉकच्या जॉन विल्सनने छापलं. (मुंबईत कॉलेज काढणारे डॉ. जॉन विल्सन वेगळे. तेही स्कॉटिशच, पण त्यांचा जन्म १८०४ चा.) प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग, महिनाभरात जवळपास सगळ्या खपल्या. त्यापूर्वी बर्न्सने जमैकाला जायचं ठरवलं होतं, तेही गुलामांच्या राबणुकीवर चालणाऱ्या मळ्यात हिशेबनीस म्हणून. माणसाच्या समतेचं गाणं लिहिणाऱ्या कवीच्या चरित्रातला हा भाग आज स्कॉटलंडमध्ये उघडपणे चर्चिला जातो, आणि ते योग्यच आहे. पुस्तक गाजलं, जमैका राहिलं, बर्न्स एडिंबरात पोचला. १७८७ मध्ये क्रीच या प्रकाशकाने मोठी आवृत्ती काढली आणि शंभर गिनींमध्ये हक्क घेतले. मग एलिसलँडची शेती, अबकारी खात्याची नोकरी, डम्फ्रीजमधलं घर, आणि २१ जुलै १७९६ ला मृत्यू. अंत्यविधीच्या दिवशीच बायको जीन आर्मर बाळंत झाली. एवढी हकिगत पुरे.

एडिंबराच्या दिवाणखान्यांना त्याच्यात एक अडाणी चमत्कार दिसला. हेन्री मॅकेन्झी या लेखकाने त्याला थेट स्वर्गातून शिकून आलेला नांगऱ्या ठरवलं. वास्तविक बापाने शेजाऱ्यांबरोबर वर्गणी काढून मुलांसाठी जॉन मरडॉक नावाचा मास्तर ठेवला होता. बर्न्सने शेक्सपिअर आणि पोप वाचले होते, त्याला फ्रेंच येत होतं. चोविसाव्या वर्षी गेलेल्या रॉबर्ट फर्ग्युसनकडून स्कॉट्स बोलीत कविता कशी करावी हे तो शिकला होता. एडिंबरात आल्यावर फर्ग्युसनच्या बेवारस थडग्यावर दगड बसवण्याची खटपट त्यानेच केली. अडाणीपणाच्या त्या कथेला त्याने स्वतःही थोडा हातभार लावला. पुस्तक खपवायचं होतं. पण त्याच्यानंतर दोन शतकं लोक तीच कथा गिरवत बसले.

आता मुद्द्याचं. आपल्याकडच्या काही विद्वान मंडळींचं मत असं की खरा बर्न्स १७८६ च्या पुस्तकात संपला, फार तर १७९० च्या ‘टॅम ओ शँटर’पर्यंत ओढता येईल, आणि त्यानंतरची गाणी म्हणजे उतरती कळा. एका परिसंवादात हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं गेलं की श्रोत्यांत बसलेल्या प्रस्तुत लेखकाला पाणी मागवावं लागलं. ‘टॅम ओ शँटर’ अजोड आहे, यात वाद नाही. फ्रान्सिस ग्रोस हा पुरातत्त्वाचा हौशी अभ्यासक पुस्तकासाठी जुन्या इमारतींची चित्रं काढत फिरत होता. ॲलोवेच्या पडक्या चर्चच्या आवारात बर्न्सचे वडील पुरलेले. त्या चर्चचं चित्र काढ, असं बर्न्सने म्हटलं. ग्रोस म्हणाला, काढतो, पण तिथल्या चेटकिणींची गोष्ट तू दे. त्या सौद्यातून हे काव्य आलं. पण नेमक्या त्याच वर्षांत हा माणूस आयुष्यातलं सर्वांत मोठं काम करत होता आणि त्याचा एक पैसाही घेत नव्हता.

ते काम म्हणजे गाणी. एडिंबरात त्याची गाठ जेम्स जॉन्सनशी पडली. जॉन्सन संगीताचे ठसे कोरणारा साधा कारागीर. शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. स्कॉटलंडची जुनी गाणी त्यांच्या चालींसकट छापावीत ही त्याची जिद्द. ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझिअम’ या संग्रहाचे सहा खंड १७८७ ते १८०३ या काळात निघाले, प्रत्येकात शंभर गाणी. दुसऱ्या खंडापासून खरा संपादक बर्न्सच होता. त्यातली सुमारे दोनशे गाणी त्याच्या हातची: काही संपूर्ण त्याची, काही दुरुस्त केलेली, काही उरल्यासुरल्या दोन ओळींवर नवी उभारलेली. बऱ्याच गाण्यांखाली नाव नाही, नुसतं एखादं अक्षर. त्यामुळे कुठलं त्याचं आणि कुठलं लोकांचं यावर अभ्यासक आजही भांडतात. त्याला स्वतःला या वाटणीचं सोयरसुतक नव्हतं.

त्याची पद्धत आपल्या संगीत नाटकवाल्यांना लगेच कळली असती. आधी चाल. ती स्वतःच्या गळ्यात पक्की बसल्याशिवाय तो शब्द लिहीत नसे. जॉर्ज थॉमसन या दुसऱ्या संग्राहकाला पुढे लिहिलेल्या पत्रात त्याने सगळा क्रमच सांगून ठेवला आहे. चालीचा भाव ओळखायचा, विषय ठरवायचा, पहिलं कडवं जमवायचं, मग घराबाहेर पडून हिंडत चाल गुणगुणायची. शब्द अडले की घरी येऊन खुर्चीच्या मागच्या दोन पायांवर झुलत कागदावर उतरवायचं. तो थोडीफार फिडल वाजवी, आई जुनी गाणी म्हणे, बायकोचा गळा चांगला. १७८७ च्या हायलँड दौऱ्यात डंकेल्डजवळ त्याने नील गाऊ या फिडलवादकाला ऐकलं. नाचाच्या वेगवान चाली संथ केल्या की त्यांतून विरहगीत निघतं, हे त्याचं मोठं हेरणं. एका धर्मोपदेशकाच्या तोंडून ऐकलेलं मेंढ्या हाकण्याचं गाणं त्याने स्टीफन क्लार्क या संगीतकाराकडून स्वरलिपीत उतरवून घेतलं. ते ‘का द योज’. ही दखल घेतली नसती तर ती चाल कदाचित त्या गावाबाहेर गेलीच नसती.

‘जॉन अँडरसन, माय जो’ या एका गाण्यापाशी थांबायलाच हवं. मूळ गाणं चावट. बायको म्हाताऱ्या नवऱ्याच्या अंथरुणातल्या नाकर्तेपणाबद्दल तक्रार करते आणि परपुरुषाची धमकी देते. बर्न्सला ते ठाऊक होतं; अशी गाणी तो मित्रमंडळींसाठी आवडीने जमवत असे. त्याने चाल ठेवली, नावं ठेवली, बोलणारी बायकोच ठेवली, आणि दोन कडव्यांत तिच्या तोंडी एका जन्माची सोबत घातली. तरुणपण, चढण, उतरण, शेवटी एकाच पायथ्याशी विसावा. १७९० च्या तिसऱ्या खंडात ते छापून आलं. त्या काळच्या ऐकणाऱ्याच्या कानात जुनं चावट गाणं वाजत असताना त्यावर हे नवे शब्द येत होते, आणि त्या दोहोंच्या घर्षणातच गाण्याची सारी गंमत होती. चाल काढून टाका, उरतं ते एक गोड, काहीसं गुळमट कवित्व. गाण्यांना उतरती कळा म्हणणारे नेमके हेच उरलेलं वाचत असतात.

१७९२ मध्ये जॉर्ज थॉमसन आला. एडिंबरातला कारकून, हौस मोठी, रुची नाजूक. त्याला सरदारी दिवाणखान्यांत शोभेल असा संग्रह हवा होता, आणि शक्यतो शब्द इंग्रजीत. बर्न्सने शंभराहून अधिक गाणी दिली, मोबदला नाकारला, स्कॉट्स बोलीचा हट्ट मात्र सोडला नाही. थॉमसनने एकदा पाच पाउंड पाठवले तर हा रागावला. थॉमसनने पुढे साथसंगत लिहून घेतली ती प्लेयेल, कोझेलुख, हायडन, बेथोव्हेन, वेबर अशांकडून. बेथोव्हेनला बऱ्याचदा शब्द न कळवता नुसत्या चाली जात. फळ बरंचसं विचित्र आहे: व्हिएन्नाच्या दिवाणखान्यात एअरशायरचा मेंढपाळ. ऐकायला मात्र मजा येते. ‘स्कॉट्स व्हा हे’ची चाल थॉमसनला हलकी वाटली, म्हणून त्याने ती बदलली. पुढे त्याला मूळ चालीकडे परत यावं लागलं.

आणि जुलै १७९६ मध्ये, मरणाच्या नऊ दिवस आधी, तोच बर्न्स एका व्यापाऱ्याच्या तगाद्याने हवालदिल होऊन थॉमसनकडे पाच पाउंड मागतो. फुकट नकोत, गाण्यांनी फेडीन, असं सांगतो, आणि पत्रासोबत एक गाणं जोडतोही. थॉमसनने पैसे पाठवले. ज्यांना बर्न्सच्या शेवटच्या वर्षांत नुसती दारूच दिसते त्यांनी हे पत्र वाचावं. दारूची ती कथा १८०० मध्ये चरित्र लिहिणाऱ्या डॉ. करीने पसरवली. आजचे वैद्यक जाणकार संधिवाताने दुबळ्या झालेल्या हृदयाकडे बोट दाखवतात.

मृत्यूनंतरचा इतिहास कंटाळवाणा नाही, पण एकसुरी आहे. १८०१ मध्ये मित्रांनी ॲलोवेच्या त्याच घरात पहिलं स्मृतिभोजन केलं, त्याच वर्षी ग्रीनॉकला पहिला क्लब निघाला. १८५९ च्या जन्मशताब्दीच्या ८७२ कार्यक्रमांची नोंद जेम्स बॅलंटाइनने केली आहे. १८८५ मध्ये सगळ्या क्लबांचा महासंघ झाला. आजही दर २५ जानेवारीला जगभर हॅगिस कापला जातो, त्याआधी त्याला उद्देशून कविता म्हटली जाते, पाइप वाजतात, व्हिस्की वाहते. या भक्तीवर कवी ह्यू मॅकडायर्मिडने १९२६ च्या ‘अ ड्रंक मॅन लुक्स ॲट द थिसल’मध्ये आसूड ओढला. १९३० मध्ये कॅथरिन कार्सवेलने चरित्रात देवाचा माणूस केला, तर कोणा भक्ताने तिला टपालाने बंदुकीची गोळी पाठवली. सोव्हिएत रशियात मार्शाकच्या अनुवादांनी तो इतका लोकप्रिय झाला की १९५६ मध्ये त्याच्यावर तिकीट निघालं. ब्रिटिश टपालखात्याला त्यासाठी आणखी दहा वर्षं लागली.

एका दिवसाची नोंद मात्र जपून ठेवावी अशी. १ जुलै १९९९ ला स्कॉटिश संसदेच्या उद्घाटनाला राणीसमोर शीना वेलिंग्टनने साथीशिवाय ‘अ मॅन्स अ मॅन फॉर ऑ दॅट’ म्हटलं. हुद्दे आणि पदव्या यांची टर उडवणारं गाणं! शेवटच्या कडव्याला सभागृहातले सदस्य गाऊ लागले. पाठ म्हणून दाखवून हे साधलं नसतं.

‘ऑल्ड लँग साइन’ची कहाणी तर चालीच्या फिरतीचीच आहे. म्युझिअमच्या पाचव्या खंडात ते ज्या चालीवर छापलं, ती बर्न्सला बेताचीच वाटे. आज जग म्हणतं ती चाल थॉमसनने १७९९ मध्ये वापरली, कवी गेल्यानंतर. त्या चालीवर जपानने १८८१ च्या शालेय पुस्तकात ‘होतारु नो हिकारि’ बसवलं, कोरियाचं देशगीत १९४८ पर्यंत आणि मालदीवचं राष्ट्रगीत १९७२ पर्यंत त्याच चालीवर होतं. रवींद्रनाथांनी त्यावर ‘पुरानो शेइ दिनेर कोथा’ रचलं. ‘फुले फुले ढोले ढोले’ची चालही बर्न्सच्याच ‘ये बँक्स अँड ब्रेज’ची. आपल्याला फार लांब जायला नको. खडकवासल्याला एनडीएच्या दीक्षान्त संचलनात छात्र ‘अंतिम पग’ टाकतात तेव्हा बँडवर हीच चाल असते. ती ऐकून डोळे पुसणाऱ्या किती पालकांना बर्न्स ठाऊक असेल?

चालींची हेळसांड मात्र चालूच आहे. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदावर ‘चाल’ छापलेली असे, तशीच बर्न्स प्रत्येक गाण्यावर चालीचं नाव देत असे. नंतरच्या स्वस्त आवृत्त्यांनी ती ओळच गाळली. जेम्स डिकने १९०३ मध्ये सगळी गाणी स्वरांसकट शोधून छापली, १९६८ मध्ये किन्स्लीच्या ऑक्सफर्ड आवृत्तीनेही चाली दिल्या. अमेरिकेत सर्ज होव्ही हा संगीतकार स्नायू निकामी करणाऱ्या आजाराशी झुंजत ३२४ गाण्यांची साथ लिहीत बसला आणि जीन रेडपाथने ती गायली. १९८९ मध्ये होव्ही गेला, सातच ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतली एक कोणे एके काळी उसनी मिळाली आणि प्रस्तुत लेखकाची बर्न्सविषयीची सगळी मतं तिने उलटीपालटी केली. पुढे एका स्कॉटिश कंपनीने बारा भागांत सगळी गाणी काढली. ग्लासगो विद्यापीठाच्या बर्न्स-अभ्यास केंद्रामुळे म्युझिअमची चिकित्सक आवृत्तीही २०१८ मध्ये आली. काम झालेलं आहे. तरीही आपल्या विद्यापीठांतल्या संकलनांत ‘अ रेड, रेड रोज’ निव्वळ कविता म्हणून छापलं जातं, विद्यार्थी त्यातल्या उपमा मोजतात आणि परीक्षेत लिहितात. आता तर गाणं मोबाइलवर एका बोटाच्या अंतरावर असूनही वर्गात ते लावायची तसदी कोणी घेत नाही.

मराठीत बर्न्सचे अनुवाद करू पाहणाऱ्यांना एकच विनंती. शब्दकोश उघडण्याआधी त्या गाण्याची चाल शोधा, गुणगुणा, आणि मराठी शब्द तिच्यावर बसतात का ते पाहा. डिकचं पुस्तक कॉपीराइटमधून कधीच मोकळं झालं आहे, आणि प्रत्येक गाण्याचे स्वर त्यात दिलेले आहेत.